भेरीची पावले आणि खिशातला अँप

ध्वनी वाढतो तेव्हा नेमके काय वाढते, हा प्रश्न भारतीय शब्दचिंतनात ध्वनिवर्धक यंत्रांच्या दोन हजार वर्षे आधी विचारला गेला आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या मानल्या जाणाऱ्या व्याकरणमहाभाष्यात, स्वरांचा उच्चारकाळ ठरवणाऱ्या पाणिनीच्या एका सूत्राची चर्चा चालू असताना पतंजली भेरीचे उदाहरण घेतो. भेरीवर टोला पडला की एका टोल्याचा आवाज वीस पावले जातो, दुसऱ्याचा तीस, तिसऱ्याचा चाळीस. पण त्याच्या मते स्फोट, म्हणजे आघातासरशी प्रकट होणारे आणि ओळखू येणारे शब्दाचे मूळ रूप, तिन्ही वेळा तेवढेच असते, आणि जी वाढ आढळते ती ध्वनीची, म्हणजे त्या रूपाला वाहून नेणाऱ्या नादाची असते. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी महाभाष्य मराठीत आणल्यामुळे हा विचार मराठी अभ्यासकाच्या आवाक्यात कधीचाच आला आहे. पतंजलीपुढे वर्णोच्चाराचा प्रश्न होता, वाद्यवादनाचा नव्हता, हे खरे. तरी रूप वेगळे आणि त्याचा विस्तार वेगळा हा त्याने केलेला भेद ज्याच्यावर कसून तपासावा असे एक उपकरण आज तळहातावर मावते, आणि ते म्हणजे लहान मैफलींसाठी, वादकांच्या बोलीत छोट्या गिगसाठी, वापरला जाणारा विद्युत गिटारचा खिशात राहणारा अँप्लिफायर.

या तपासणीआधी शब्दाविषयीच्या दोन जुन्या भूमिका लक्षात घ्याव्या लागतात. नैयायिकांच्या मते शब्द हा आकाशाचा गुण असून तो उत्पन्न होतो आणि नष्ट होतो. पहिला शब्द दुसऱ्याला जन्म देतो, दुसरा तिसऱ्याला, आणि पाण्यात लाटेमागून लाट उठावी तशी ही परंपरा कानाच्या पोकळीत अडकलेल्या आकाशापर्यंत पोहोचते. म्हणून ऐकणाऱ्याला ऐकू येतो तो मूळ शब्द नव्हेच, तर त्याच्या वंशातला शेवटचा शब्द. या प्रक्रियेला ते वीचितरंगन्याय म्हणतात. मीमांसकांची भूमिका याच्या उलट आहे: शब्द नित्य आहे, तो कोणी घडवत नाही, आणि तोंडातून निघालेल्या वायूचे आघात त्याला केवळ अभिव्यक्त करतात, म्हणजे अंधारात असलेली वस्तू दिव्याने दिसावी तसा तो उघड करतात. पहिल्या मताने पाहिले तर वाढवलेला प्रत्येक आवाज हा नवा जन्म आहे. दुसऱ्या मताने पाहिले तर ध्वनिवर्धक ही फक्त अधिक उजेडाची व्यवस्था आहे. सभेतल्या वक्त्यापुढे मायक्रोफोन ठेवलेला असतो तेव्हा दुसरे मत सहज पटते, कारण वक्त्याचा आवाज आधी असतोच आणि यंत्र तो दूरवर नेते. विद्युत गिटारच्या बाबतीत मात्र ते पटत नाही, आणि का पटत नाही हे कळण्यासाठी त्या वाद्याच्या पोटात पाहावे लागते.

साध्या, पोकळ पेटीच्या गिटारमध्ये तारेचे कंपन लाकडी पृष्ठभागाला आणि पेटीतल्या हवेला हलवते, आणि त्यातून तिचा आवाज भरतो. भरीव लाकडाच्या विद्युत गिटारला अशी पेटीच नसते. केबल न जोडता ती छेडली तर पोलादी तारांचा एक पातळ, किरकिरा आवाज टेबलाच्या पलीकडे बसलेल्या माणसापर्यंत जेमतेम पोहोचतो. तारांच्या खाली पिकअप बसवलेला असतो. लोहचुंबक आणि त्याभोवती अतिशय बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे एवढीच त्याची रचना. वर पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र ढळते आणि मायकेल फॅरेडेने १८३१ साली दाखवून दिलेल्या नियमानुसार त्या वेढ्यांत क्षीण विद्युतदाब निर्माण होतो. इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी, कारण पुढचा सगळा विचार तिच्यावर उभा आहे: पिकअप आवाज ऐकत नाही. त्याला कळते ती पोलादाची हालचाल; भोवताली हवा नसली, म्हणजे ध्वनी असणेच शक्य नसले, तरीही तो आपले काम करील. तार आणि कान यांच्यामध्ये, केबलपासून स्पीकरपर्यंत, असा एक टप्पा आहे की जिथे ध्वनी नावाची गोष्टच नाही, आहे तो फक्त चढउतार करणारा विद्युतप्रवाह. श्रोत्याला जो ध्वनी ऐकू येतो तो स्पीकरच्या कागदी पडद्याने हवा ढकलली तेव्हा पहिल्यांदा जन्माला येतो.

तेव्हा अँप्लिफायर हे नाव या वाद्यापुरते काहीसे दिशाभूल करणारे आहे, कारण वाढवण्यासाठी आधी असलेला असा लहान ध्वनीच इथे नाही. नैयायिकांच्या परिभाषेत भेरीच्या शब्दाचे समवायी कारण, म्हणजे ज्याच्या ठायी कार्य राहते ते, आकाश असते. भेरी आणि आकाश यांचा संयोग हे असमवायी कारण असते. आणि भेरी व दांडके यांचा संयोग हे निमित्त कारण असते. ही मांडणी विद्युत गिटारला लावली तर भेरीच्या जागी गिटार येत नाही, स्पीकर येतो, आणि वादकाचे बोट हे दूर कुठेतरी असलेले निमित्त ठरते. गिटार आणि अँप ही वाद्य आणि त्याचे साहाय्यक अशी जोडी नसून दोन्ही मिळून एकच वाद्य आहे, असे वादक अनुभवाने सांगतात. ते म्हणणे तत्त्वतःही बरोबर आहे. मग प्रश्न असा उरतो की, या एका वाद्याचा अर्धा भाग खिशात मावेल इतका लहान केला तर ते वाद्य तेच राहते का.

गेल्या शतकाच्या उत्तरार्धात या प्रश्नाला व्यवहाराने नकारार्थी उत्तर दिले होते, आणि त्यामागे कारणही सबळ होते. त्या काळातले अँप्लिफायर व्हॉल्व्हवर, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांवर चालत. व्हॉल्व्हला त्याच्या कुवतीपलीकडे रेटले की तो लहरींची टोके हळूहळू दाबू लागतो, मूळ स्वरात नसलेले उपस्वर त्यात मिसळतात, स्वर जाड होतो आणि छेडल्यानंतर पुष्कळ वेळ टिकून राहतो. वादकांना हाच टोन, म्हणजे हाच नादगुण, हवा होता. पण तो मिळवायचा तर अँप पूर्ण जोरावर चालवावा लागे, आणि त्यामुळे आवाजाचा गुण आणि आवाजाचे परिमाण यांची गाठ पडली. त्यात सभास्थाने मोठी होत गेली. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्सनी पंचावन्न हजारांहून अधिक श्रोत्यांपुढे कार्यक्रम केला, तेव्हा व्हॉक्स कंपनीने त्यांच्यासाठी शंभर वॅटचे अँप्लिफायर केले होते, आणि तरीही श्रोत्यांच्या आरोळ्यांत स्वतःचे वादन त्यांना स्वतःला ऐकू येत नव्हते. त्याच सुमारास द हू या वाद्यवृंदाच्या मागणीवरून लंडनमध्ये जिम मार्शल यांनी शंभर वॅटचा अँप बनवला. त्याच्याखाली एकावर एक रचलेल्या स्पीकरच्या पेट्यांची भिंत हे पुढे रॉक संगीताचे दृश्यचिन्हच होऊन बसले. जोर आणि गुण एकच आहेत ही समजूत त्या भिंतीने एका अख्ख्या पिढीच्या मनात रुजवली. ती समजूत चुकीची होती, याचा पुरावा त्याच काळात तयार होत होता: १९७० साली मायामीच्या क्रायटीरिया स्टुडिओत ‘लैला’ या गाण्याचे ध्वनिमुद्रण झाले, तेव्हा गिटारवादक एरिक क्लॅप्टन यांनी फेंडर चॅम्प हा जेमतेम पाच वॅटचा, घरी सराव करणाऱ्यांसाठी केलेला अँप वापरला होता.

लहान अँप्लिफायरची परंपरा या भिंतीला समांतर चालत आली आहे. १९७३ साली अमेरिकेत पिगनोज नावाचा पाच वॅटचा, पाच इंची स्पीकरचा आणि सहा पेन्सिल सेलवर चालणारा अँप बाजारात आला, ज्याची आवाजाची कळ खरोखरच डुकराच्या नाकाच्या आकाराची होती. पुढे नऊ व्होल्टच्या चौकोनी सेलवर चालणारे, कमरेच्या पट्ट्याला अडकवता येणारे एक वॅटचे अँपही निघाले. ही सगळी सरावाची साधने मानली जात, मैफलीची नव्हेत. तो फरक मिटवला तो वर्ग डी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वर्धनपद्धतीने. जुन्या पद्धतीत ट्रान्झिस्टर किंवा व्हॉल्व्ह अर्धवट उघड्या नळासारखा काम करतो आणि पुष्कळ वीज उष्णतेच्या रूपाने वाया घालवतो; वर्ग डीमध्ये ट्रान्झिस्टर एक तर पूर्ण चालू असतो किंवा पूर्ण बंद, ही उघडझाप सेकंदाला लाखो वेळा होते, प्रत्येक उघडझापीच्या रुंदीत मूळ लहरीची उंची नोंदली जाते आणि शेवटी एक गाळणी त्या ठोक्यांतून गुळगुळीत लहर परत मिळवते. उष्णता फार थोडी होत असल्याने जड ट्रान्सफॉर्मर आणि उष्णता बाहेर टाकणारे धातूचे पंख यांची गरज जवळजवळ संपते. २०१७ साली आलेला व्हॉक्सचा एमव्ही ५० हा याचा चांगला नमुना आहे: वजन अर्ध्या किलोच्या थोडे वर, समोर मोजून तीन कळा आणि जुन्या रेडिओची आठवण देणारा एक काटा, मागे स्पीकरची केबल जोडायची जागा, आणि चार ओहमच्या स्पीकरला, म्हणजे प्रवाहाला तेवढा रोध करणाऱ्या स्पीकरला, पन्नास वॅटपर्यंत शक्ती. त्याच्या पहिल्या टप्प्यात न्यूट्यूब नावाचा चपटा, बोटाएवढा व्हॉल्व्ह असतो. टोन तिथे घडतो आणि जोर नंतर, वेगळ्या टप्प्यात मिळतो. स्पीकरची पेटी मात्र वेगळी लागते, ती खिशात मावत नाही, हे इथे सांगितलेच पाहिजे. कॅफेत किंवा संस्थेच्या दालनात एखादी पेटी बहुधा असतेच, आणि वादकाला गिटारच्या पिशवीच्या कप्प्यात हा डबा टाकून बसने जाता येते.

या रचनेचे तात्त्विक महत्त्व तिच्या वजनात नाही. ज्या दोन गोष्टी पूर्वी एकमेकींत गुंतल्या होत्या, त्या हिने सोडवून वेगळ्या केल्या. टोन घडवणारा टप्पा आणि जोर देणारा टप्पा स्वतंत्र झाल्यामुळे तोच जाड, टिकाऊ, उपस्वरांनी भरलेला स्वर आता कुजबुजीइतक्या आवाजातही मिळतो. म्हणजे पतंजलीने भेरीच्या बाबतीत जे म्हटले होते, की रूप तेवढेच राहते आणि पावले तेवढी वाढतात, ते विद्युत गिटारच्या बाबतीत आधी खरे नव्हते आणि या उपकरणांनी ते बऱ्याच अंशी खरे करून दाखवले. शास्त्रकाराच्या भेदाला कारागिरीने मागाहून आधार द्यावा, अशी उदाहरणे फार नाहीत, आणि म्हणून हे उदाहरण मोलाचे वाटते.

बऱ्याच अंशी असे म्हणण्याचे कारण आहे. मोठ्या अँपसमोर उभ्या असलेल्या वादकाच्या तारांवर स्पीकरमधून निघालेल्या ध्वनिलहरी येऊन आदळतात, तार पुन्हा हलते, पिकअप ती हालचाल पुन्हा टिपतो, आणि हे चक्र पुरे झाले की स्वर न छेडताही जिवंत राहतो, कधी वरच्या सप्तकात उडी घेतो. याला वादक फीडबॅक म्हणतात. ऑगस्ट १९६९ मध्ये वुडस्टॉक महोत्सवात गिटारवादक जिमी हेंड्रिक्स यांनी अमेरिकेचे राष्ट्रगीत वाजवले तेव्हा या चक्राचाच त्यांनी शब्दासारखा उपयोग केला. इथे वाढ ही रूपावरची भर नाही, ती रूपाचाच भाग आहे. आवाज कमी केला तर तो स्वर लहान होत नाही, नाहीसा होतो. तसेच छातीवर जाणवणारा खर्जाचा धक्का हाही संगीतानुभवाचा खरा घटक आहे आणि खिशातला डबा व लहान पेटी तो देऊ शकत नाहीत. ही हानी मान्य न करता छोट्या अँपची बाजू मांडणे म्हणजे ज्या श्रोत्याने तो अनुभव घेतला आहे त्याला खोटे पाडणे होय. मात्र ही हानी कोणत्या संगीताची आणि कोणत्या जागेतली, हेही विचारले पाहिजे, कारण तीसचाळीस माणसांच्या खोलीत तो धक्का देण्याचा हट्ट धरला तर त्याची किंमत वादक नव्हे, ऐकणारा मोजतो.

येथून प्रश्न ज्ञानमीमांसेकडून नीतीकडे वळतो. डोळ्यांना पापण्या आहेत, कानांना नाहीत. समोरचे चित्र आवडले नाही तर मान वळवता येते, पण आवाजाकडे पाठ फिरवून तो थांबत नाही. जो आवाज काढतो तो म्हणूनच दुसऱ्याच्या देहात त्याला न विचारता शिरतो. ध्वनीची पातळी मोजण्याचे एकक डेसिबल आहे आणि त्याची मोजपट्टी साधी नाही: शक्ती दुप्पट केली तर पातळी तीन डेसिबलने वाढते, आणि आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला शक्ती साधारण दहापट करावी लागते. त्यामुळे पन्नास वॅटच्या अँपऐवजी पाच वॅटचा वापरला तर आवाज एकदशांश होत नाही, सुमारे निम्मा वाटतो. बारा इंची चांगला स्पीकर एका वॅटवर एक मीटर अंतरावर ९७ डेसिबलच्या आसपास आवाज देतो. मोकळ्या जागेत दहा मीटरवर तो वीस डेसिबलने उतरून ७७ होतो, आणि साधे संभाषण ६० च्या जवळपास असते. एका वॅटची ही मजल ज्याने एकदा हिशोबाने पाहिली, त्याला छोट्या गिगसाठी शंभर वॅटचा आग्रह समर्थनीय वाटणार नाही. कामगारांच्या श्रवणरक्षणासाठी अमेरिकेत शिफारस केलेले मान ८५ डेसिबलला आठ तास आहे आणि पुढे दर तीन डेसिबलला हा अवधी निम्मा होत जातो. म्हणजे १०० डेसिबलला पाव तासातच मर्यादा गाठली जाते, आणि कॅफेत गिऱ्हाइकांना कॉफी नेऊन देणारा मुलगा तर सगळी संध्याकाळ तिथेच असतो.

आवाजाच्या मर्यादेचा हा वाद भारतात धर्माच्या संदर्भातही न्यायालयासमोर आला आहे, आणि योगायोगाने त्यात गिटारही होती. चेन्नईतील एका चर्चच्या प्रार्थनेत ड्रम व गिटार यांसारखी वाद्ये आणि ध्वनिवर्धक वापरले जात, आणि शेजारच्या वसाहतीतील रहिवाशांनी त्याविरुद्ध दाद मागितली होती. ३० ऑगस्ट २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल देताना असे म्हटले की, दुसऱ्याची शांतता भंग करून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही आणि ती ध्वनिवर्धकातूनच झाली पाहिजे अशीही कोणत्या धर्माची शिकवण नाही. त्याच वर्षी लागू झालेल्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली. न्यायालयाचा हा निकाल भेरीच्या उदाहरणाशी मुळातून जुळतो, कारण प्रार्थनेचे रूप आणि तिची पावले या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेच त्याने वेगळ्या भाषेत सांगितले आहे. ईश्वर वीस पावलांवर ऐकत नाही आणि चाळीस पावलांवर ऐकतो, असे मानणारा भक्त कोणत्याही पंथात सापडणे कठीण आहे.

संगीतशास्त्रात या विवेकाला महाराष्ट्राच्याच भूमीवर शब्दरूप मिळालेले आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकरात वृंदाचे, म्हणजे गायकवादकांच्या समूहाचे, उत्तम, मध्यम आणि कनिष्ठ असे प्रकार सांगितले आणि प्रत्येकात किती मुख्य गायक, किती सहगायक, किती बासरीवाले आणि किती मृदंगवाले असावेत याची संख्याही दिली. उत्तमाहून मोठ्या वृंदाला मात्र त्याने अतिउत्तम म्हटले नाही, त्याला कोलाहल हे नाव दिले. संख्येची वाढ एका मर्यादेपलीकडे गुणाची वाढ राहत नाही, तिची जातच बदलते, हा निर्णय त्या एका संज्ञेत आहे. आणि लक्षात घेण्याजोगे हे की, कनिष्ठ वृंदाला त्याने वृंदाच्या व्याख्येतून वगळलेले नाही.

खिशातला अँप हा अशा कनिष्ठ वृंदाचा साथीदार आहे, आणि तेच त्याचे योग्य स्थान आहे. सोबत ड्रम जोरात वाजत असतील, किंवा कार्यक्रम उघड्या मैदानावर असेल, तर तो पुरणार नाही. तिथे त्याची वायर कार्यक्रमस्थळाच्या मुख्य ध्वनियंत्रणेला जोडणे हाच मार्ग आहे, आणि तसे करण्यात कमीपणा नाही. जिथे खोली लहान आहे, साथीला एक आवाज आणि फार तर एक काहोन, म्हणजे वर बसून वाजवायची लाकडी पेटी, आहे, तिथे मात्र त्याहून मोठे यंत्र नेण्याचे कारण संगीतात सापडत नाही. कळ कुठवर फिरवायची हे मंचावरून कळत नाही, कारण वादकाचा कान स्पीकरच्या अगदी जवळ असतो किंवा पेटी त्याच्या पायाशी असल्याने आवाज कानाखालून निघून जातो. म्हणून प्रत्येक वादकाने कार्यक्रमाआधी गिटार क्षणभर दुसऱ्याच्या हाती द्यावी, शेवटच्या खुर्चीवर बसून ऐकावे, आणि मग दार लावून बाहेर जिन्यात, शेजारच्या बिऱ्हाडाच्या उंबऱ्यापाशी उभे राहून पुन्हा एकदा ऐकावे.